टाकलेली नव्हे, सोडून आलेली

बुधवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी द्वारकाबाई धायरीतल्या आपल्या मसाल्याच्या डंकावर भाजलेल्या मिरच्या उखळात ढकलत होत्या. लोखंडी मुसळ दणादण आदळत होतं. डंक चालू असताना हवेत इतकी तिखट भुकटी असते की नाकातोंडावर पदर बांधल्याशिवाय तिथं थांबता येत नाही. डंकाचा एक रिवाज आहे. ज्याचा मसाला, त्यानं तो कुटून होईपर्यंत समोर बसायचं. म्हणजे मिरच्या बदलल्याचा आळ कुणावर येत नाही.

त्या दिवशी समोर मथुराबाई बसल्या होत्या. त्यांची सून प्रियदर्शनी महापालिकेच्या निवडणुकीत उभी होती. तिच्याविरुद्ध उभी होती द्वारकाबाईंची मुलगी तेजस्विनी. तरीही मथुराबाईंनी डंक बदलला नव्हता. "दुसरीकडं जाडभरडं कुटत्यात," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

द्वारकाबाईंचं माहेर धायरीचं. लग्न होऊन त्या पुरंदर तालुक्यात गेल्या. नवरा, गेनबा, मारायचा. तेजस्विनी तिसरीत असताना एका पहाटे त्या मुलीला घेऊन दुधाच्या टेम्पोत बसल्या आणि धायरीत उतरल्या. परत गेल्या नाहीत. गेनबा दोनदा न्यायला आला, दोन्ही वेळा रिकामा परतला. द्वारकाबाईंनी मंगळसूत्र काढून ठेवलं, कुंकू मात्र लावत राहिल्या. "कुंकू मी लग्नाआधीपास्नं लावते," हे त्यांचं स्पष्टीकरण. तेजस्विनी वकील झाली, धायरीतल्या सोसायट्यांच्या पाण्यासाठी महापालिकेशी भांडली आणि त्या भांडणातून उमेदवार झाली.

आदल्या रविवारी एका स्थानिक बातम्यांच्या चॅनलनं दोन्ही उमेदवारांच्या घरांवर एक कार्यक्रम दाखवला. श्रीधर नावाचा त्यांचा बातमीदार प्रियदर्शनीच्या घरी गेला तेव्हा एकत्र कुटुंबाची पंगत, देवघर आणि पुरणपोळी दिसली. तेजस्विनीच्या घरी तो गेलाच नाही. डंकाचा बाहेरून फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'उमेदवाराची आई पतीने टाकलेली. ज्यांना घर जोडता आले नाही, त्या प्रभाग जोडणार?'

प्रियदर्शनीचा नवरा सूरज पंगतीत बसलेला दिसत होता. तो आठवड्यातले चार दिवस आंबेगावात दुसऱ्या बाईच्या घरी असतो, हे धायरीत लहान पोरांनाही माहीत आहे. चॅनलला माहीत नव्हतं असं नाही. त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

साडेआठला यज्ञेश्वर आले. तेजस्विनीच्या पक्षाचे पदाधिकारी, राहणार नारायण पेठ. तोंडावर रुमाल धरून ते डंकाच्या दारात उभे राहिले. मथुराबाई पदर बांधून बसल्या होत्या, फक्त डोळे दिसत होते. यज्ञेश्वरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाईक म्हणून सोडून दिलं.

"द्वारकाताई, दहाला मारुतीच्या देवळापासून पदयात्रा आहे," ते मशिनच्या आवाजावर ओरडले. "गेनबांना गाडी पाठवून आणलंय. फेटा बांधून तयार बसलेत. दोघांनी शेजारी उभं राहून मुलीचं औक्षण करायचं. चॅनलवाले येणार आहेत. आपण फक्त उभं राहायचं, बोलायचं काम आमचं."

त्यांनी एक छोटी डबी पुढे केली. आत एक ग्रॅम सोन्याचं मंगळसूत्र होतं.

द्वारकाबाईंनी डबी उघडून पाहिली, मिटली आणि परत दिली. "कुनाचं ऱ्हायलं हे इथं? विचारा जरा गल्लीत."

"बरं, ते नको असेल तर दुसरा मार्ग आहे," यज्ञेश्वर म्हणाले. "त्यांनी आपलं घर काढलं, आपण त्यांचं काढू. सूरजचं आंबेगावातलं प्रकरण. पक्षानं बोलणं बरं दिसत नाही. आपण कॅमेऱ्यासमोर सूचक बोला."

द्वारकाबाईंनी मशिन बंद केलं. मथुराबाईंनी उभं राहून सावकाश नाकावरचा पदर सोडला.

"सूचक कशाला? सूरज माझा पोरगा हाय. काय इचारायचं ते मला इचारा."

यज्ञेश्वरांना ठसका लागला. तो मिरचीचा होता की नाही, हे ठरवायला तिथं कुणी थांबलं नाही. द्वारकाबाईंनी त्यांना पाणी दिलं.

"मागच्या वर्षी तुमच्या साहेबांच्या पुतण्याचं नाव पेपरात आलं, तवा तुमी मोर्चा काढला," त्या म्हणाल्या. "घरच्यांना राजकारणात ओढू नका, असा बोर्ड तुमच्याच हातात व्हता. माझी तेजू व्हती त्या मोर्चात. तो बोर्ड कुठं ठेवलाय आता?"

"ताई, ते प्रकरण वेगळं होतं."

"हां. ते तुमचं व्हतं."

मथुराबाई म्हणाल्या, "द्वारके, तुला सांगायचं असंल तर सांग. खोटं न्हाई ते. मी आड येनार न्हाई."

"तुझ्या सुनंनं केलंय का दुसरं घर? मग तिला का मारू मी त्या दगडानं?" द्वारकाबाईंनी मशिन पुन्हा सुरू केलं. "बस खाली. अजून बारीक व्हायचंय."

यज्ञेश्वर गेले आणि पंधरा मिनिटांत तेजस्विनी आली. पक्षाचं उपरणं, पायात बूट. तिनं मथुराबाईंना नमस्कार केला आणि आईला कोपऱ्यात घेतलं.

"आई, प्लीज. पाच मिनिटं फक्त. एक फोटो. त्यानंतर तू त्यांचं तोंडही पाहू नकोस. यज्ञेश्वर म्हणतायत, तू नाही आलीस तर उद्याची साहेबांची सभा कॅन्सल. सभा गेली तर वरच्या आळीची मतं गेली. मी हरेन."

"हरशील."

"एवढं सोपं आहे तुला?"

"न्हाई सोपं. पन ऐक. त्यांनी लिवलं, नवऱ्यानं टाकलेली. मला कुनी टाकलं न्हाई. मी आले सोडून, तुला काखेत मारून. त्याच्या बाजूला फेट्याखाली हुबी ऱ्हायले तर जन्मभर केलं ते मीच खोटं म्हनल्यासारखं हुईल. मग तू कुनाच्या जिवावर हुबी हाईस, ते सांग मला."

तेजस्विनीनं बाहेर जाऊन फोन लावला. ती नेमकं काय बोलली ते डंकाच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा डोळे लाल होते. "मिरची," ती म्हणाली. आईनं मान हलवली.

दहा वाजता देवळासमोर गेनबा खुर्चीवर बसले होते. आता थकलेले, हात कापणारे गृहस्थ. द्वारकाबाई मिरचीनं माखलेल्या लुगड्यातच आल्या. त्यांनी एकटीनं मुलीचं औक्षण केलं. गर्दीतून एक बाई पुटपुटली, "सवाष्णीनं करायचं असतं गं." तेजस्विनीनं वाकून आईच्या पायाला हात लावला. मग ती गेनबांकडे गेली. "बाबा, गाडी तुम्हाला घरी सोडेल. चहा घेऊन निघा." ती एवढंच बोलली.

श्रीधरनं माईक पुढे केला. "मावशी, नवऱ्यानं तुम्हाला टाकलं, त्याबद्दल काय सांगाल?"

"चुकीचं लिवलंय तुमी. मी त्याला सोडलं. मारायचा म्हनून. ते दुरुस्त करून दाखवा."

"विरोधी उमेदवारांच्या कुटुंबाबद्दल काही?"

"तू गेला व्हतास की त्यांच्याकडं. काय इचारलंस?"

श्रीधरनं माईक दुसऱ्या हातात घेतला.

"पुरनपोळी कशी झाली ते इचारलंस. मग मलाबी मसाल्याचं इचार. न्हाईतर दोघींनाबी पान्याचं इचार. हुब्या त्या हाईत, मी न्हाई."

दुपारी चॅनलवर ही मुलाखत आली. पुरणपोळीचा भाग कापला होता. शीर्षक होतं, 'उमेदवाराच्या आईचा संताप'. मात्र 'पतीने टाकलेली' हे शब्द काढून त्या जागी 'पतीपासून विभक्त' असं आलं होतं. द्वारकाबाईंना तेही पुरेसं वाटलं नाही. त्यांनी तेजस्विनीला चॅनलच्या नावानं नोटीस लिहायला सांगितली. 'स्वतःहून सोडून आलेली' हे तीन शब्द त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतले.

संध्याकाळी साहेबांची सभा रद्द झाल्याचा निरोप आला. पक्षाच्या मोटारसायकलीही शेजारच्या प्रभागात गेल्या. तेजस्विनीनं वरच्या आळीत पायी फिरायचं ठरवलं. सोसायट्यांमधल्या काही बायका सोबत येणार आहेत. किती, ते तिलाही माहीत नाही. नोटीस सकाळी टपालात पडेल आणि पोचपावती डंकावरच्या पत्त्यावर येईल.

उद्या गुरुवार. त्या गल्लीत गुरुवारी दहा ते दोन दुरुस्तीसाठी वीज बंद असते, म्हणून डंक सकाळी सहाला सुरू होतो.