सायखेड्याची बस

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. नातेवाइकांनी विचारलं की सांगायचो, हिच्या रक्तात गुठळी झाली म्हणून डोळा गेला. ते खरं होतं, पण अर्धंच.

त्या सकाळी नाशिक रोडच्या आमच्या घरी बायको तांदूळ निवडत बसली होती. एकाएकी म्हणाली, "अहो, ऊन गेलं का?" ऊन तर तिच्या ताटातच पडलं होतं.

उजवा डोळा आतून सुजला होता आणि त्याची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. रक्ताचे रिपोर्ट आले त्या दिवशी डोळ्यांत थेंब घालून तिला बाहेर बसवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत विचारलं, "यांचे कधी गर्भपात झाले होते?"

"दोन."

"तेही बहुधा यामुळेच. शरीरच अशी प्रतिपिंडं तयार करतं, की रक्ताच्या गुठळ्या होतात. त्यात यांची काही चूक नाही."

दुसऱ्या खेपेला, दिवस गेलेले असतानाच, ती बहिणीच्या लग्नाला एसटीने सायखेड्याला, माहेरी गेली होती. परतल्यावर आठवड्यात सगळं संपलं. दवाखान्यात तिच्या खाटेशी उभा राहून मी म्हणालो होतो, "जायचंच होतं ना तुला? बसच्या धक्क्यांनी घालवलंस." पुढे मूल झालं नाही. माहेरचा विषय निघाला की तीच म्हणायची, "नको, एसटीत लय धक्के बसतात."

मी बाहेर आलो. डोळे मिटूनच तिने विचारलं, "एवढा वेळ काय म्हणाल्या?"

"रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. मेथी-पालक बेतानं खायचं, नाहीतर गोळी लागू पडत नाही."

"मेथीवर एवढं भाषण? आणि डोळा?"

"परत येईल असं दिसत नाही."

"जाऊ द्या. आता तुम्ही अर्धेच दिसाल, लय बरं होईल."

दुसरा डोळाही मधूनमधून सुजायचा. त्यात मीच औषध घालायचो. ती मान मागे टाकून चेहरा माझ्या हातात द्यायची. थेंब गालावर पडला की म्हणायची, "नेम चुकला, साहेब." दरवेळी ठरवायचो, आज सांगायचं. तोंडून निघायचं, "हलू नकोस."

गेल्या वर्षी ती गेली. म्हणायचं होतं ते एवढंच: अगं, बसनं काही केलं नव्हतं, तूही नाही. मी उगाच बोललो. मला माफ कर.