पाच पृष्ठांचा खोका

भूमितीच्या मास्तरांनी मला फसवलं. फळ्यावर त्रिकोणी चिती काढून त्यांनी विचारलं, पृष्ठं किती? मला दिसली तेवढी सांगितली, दोन. छड्या बसल्या, 'ढ' ठरलो आणि त्याच वर्षी शाळा सुटली.

आज बोम्मसंद्र्यात माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. जवळच्या शाळेतल्या एक कानडी बाई दर शनिवारी बाद खोके न्यायला येतात. ओठ हलवत प्रत्येक खोक्याचे कोपरे मोजतात आणि चेपलेलेच निवडतात.

परवा मी चिडलोच. "चांगले न्या की बाई, चेपलेले कशाला?"

"चांगला खोका पोरं फाडत नाहीत, अण्णा. आधी डोळे मिटून चाचपत पृष्ठं मोजायची, मग उलगडायचा. फळ्यावरचं चित्र शेवटी." मिठाईचा त्रिकोणी खोका त्यांनी माझ्या हातात ठेवला. "स्वल्प डोळे मिटा."

मास्तरांच्या चितीच्याच आकाराचे असे खोके मी रोज हजारांनी बनवतो. कामगार बघत होते, तरी मिटले. बोटांना दोन त्रिकोण लागले, तीन आयत.

"पाच," मी म्हणालो.

"सरी, बरोबर," म्हणत बाई पुढचा खोका निवडू लागल्या.

मास्तर, शाळेत एक रिकामा खोकाही नव्हता का? उत्तर द्या.