अण्णांचा अडकलेला डाव

"अण्णा गेले," असा वहिनींचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "रागावून?" अण्णा दिवसातून एकदा तरी रत्नागिरीतल्या कुणा ना कुणाच्या घरून रागावून जायचेच, त्यामुळे प्रश्न रास्त होता. वहिनी म्हणाल्या, "नाही हो भावोजी. या खेपेला कुणाशी न भांडता गेले." तेव्हा कळलं, खरंच गेले.

अण्णा आमचे शेजारी, हापूसचे बागायतदार आणि अख्ख्या किनारपट्टीतला सर्वांत खवचट माणूस. त्यांच्या जिभेने नारळ सोलून निघायचा. पत्त्यांत हरायला लागले की डाव उधळून द्यायचे. एकदा उधळलेली बदामची राणी तीन घरं पलीकडे कुणाच्या आमटीत सापडली. एकुलता एक निखिल बाग सोडून पुण्याला नोकरीला गेला, त्याचा राग अण्णांनी त्याच्या लग्नात काढला. भर पंगतीत व्याह्यांना म्हणाले, "कलम आमचंच हो, पण फळ धरेलसं वाटत नाही." त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद.

निखिलचा जुना कॉम्प्युटर घरीच राहिला होता. वहिनींनी काय जादू केली कुणास ठाऊक, पण दोघांना बंदुकांच्या एका खेळात गुंतवलं. तो पुण्यात, हे मागच्या खोलीत. दर रविवारी बापलेक एक शब्द न बोलता एकमेकांना गोळ्या घालायचे. एवढा जिव्हाळा त्या घरात मी आधी कधी पाहिला नव्हता.

चैत्रात मात्र खेळ अडकायला लागला. चित्र जागच्या जागी थिजायचं, आवाज बेडकासारखा टर्रर्र करत राहायचा, आणि बटण दाबून सगळं बंद करण्यावाचून इलाज नसायचा. तेही नेमकं अण्णा हरत असताना! (म्हणजे कधीही; जिंकत कधी होते?) निखिलने आईला फोनवर सांगितलं, "त्यांना म्हणावं, आधी पत्ते उधळायचात, आता मशीन बंद करता." आणि खेळणं सोडून दिलं.

अण्णा पिसाळले. स्टॅबिलायझर बदलला, प्लगांच्या पिना खोडरबराने घासल्या, विंडोज नव्याने टाकली. दुकानात नेलं तर तिथे ते शिंचं दिवसभर लोण्यासारखं चाललं. दुकानदार म्हणाला, "अण्णा, बिघाड यात नाही, तुमच्या घरात आहे." अण्णांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण तो बरोबर होता...

मागच्या खोलीत दरवर्षी आंब्यांची आढी लागते. भाताच्या पेंढ्यात थरावर थर, आणि त्या उबेने खोलीची भट्टी. कॉम्प्युटर त्या आढीला टेकलेला! मी आंबा उचलायला वाकलो, तोल सावरायला कॉम्प्युटरच्या डब्यावर हात टेकला, तर हाताचा पापड झाला. झाकण उघडलं, आतल्या पंख्यात इतका पेंढा, की एक म्हैस उन्हाळा काढती. नुसत्या तळव्याने आढी चाचपून आंबा कधी पिकेल ते सांगणाऱ्या अण्णांनी त्या तापलेल्या डब्यावर कधी तळवा ठेवला नव्हता. वहिनींनी पेंढा उपसला, डबा ओटीवर आणला. पुन्हा कधी अडकला नाही.

वहिनींनी पुण्याला कळवलं. निखिल म्हणाला, "पुरे झाली नाटकं." मग दर रविवारी अण्णा एकटेच बसायचे, कुठल्या कुठल्या अनोळखी पोरांच्या गोळ्या खायचे, आणि हरत असले तरी शेवटपर्यंत खेळायचे. उभ्या जन्मात पहिल्यांदाच. बघायला निखिल नव्हता.

तो आला अण्णांच्या दिवसांना. सगळं उरकल्यावर ओटीवर बसला, खेळ लावला, दुपारभर खेळला. मशीनने हूं की चूं केलं नाही.

"बघा काका. कुठे अडकतंय?"

मी आढी, पंखा, म्हैस, सगळं सांगितलं.

"काका, तुमच्या म्हशी मी लहानपणापासून ऐकतोय."

वहिनी दारात उभ्या होत्या. "पेंढा मी उपसलाय रे, या हातांनी."

"आई, तू त्यांचीच बाजू घेणार."

वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आंब्यांच्या दिवसांत ये. आढी लावते. मग बस खेळायला."

तो बॅग भरून गेला.

परवा सहज डोकावलो. कॉम्प्युटर पुन्हा मागच्या खोलीत, भिंतीला टेकलेला. यंदाच्या भाताचा पेंढा भोवती आतापासूनच रचलेला. डब्याचं झाकण काढून वहिनी खाली बसल्या होत्या आणि पंख्याच्या पात्यांत एकेक काडी नीट खोचत होत्या.