माझी सई नव्या शाळेत रुळली

मैत्रिणींनो, शिव्या घालायच्या तर घाला, पण आज दुपारी घडलेलं सांगतेच.

जूनमध्ये माहीमची वाडी सोडून आम्ही बोईसरला आलो. डब्यात सुकटीची चटणी असायची, म्हणून नव्या शाळेतल्या मुली माझ्या सईला ‘सुकट’ म्हणायच्या, नाक धरून लांब बसायच्या. ती रोज रडायची. मी इथेच, या ग्रुपवर सल्ला विचारला होता. तुम्ही म्हणालात, वेळ द्या, रुळेल.

आज तिचा विसरलेला डबा द्यायला गेले. मधल्या सुट्टीत सई पाच-सहा मुलींच्या घोळक्यात बसली होती. मला केवढा आनंद झाला!

तेवढ्यात मासवणहून नवीनच आलेल्या एका मुलीने शेजारी बसून डबा उघडला. आत सुकटच होती. सगळ्यांत आधी नाक धरलं ते माझ्या सईने. “ए सुकट, लांब बस!” बाकीच्या खिदळल्या.

“नाय बसत तुमच्यात,” म्हणत ती पोर डबा उचलून भिंतीकडे गेली.

मी सईला तिथेच झापायला हवं होतं. पण आता कुठे मैत्रिणी मिळाल्यात! तिच्या हातात जॅम-पोळीचा डबा दिला आणि निघाले.

त्या मुलीची आई उद्या याच ग्रुपवर सल्ला मागेल. काय सांगू तिला? वेळ द्या, रुळेल?