आधी तळवे

रविवार, सकाळचे सव्वासात, थेरगावची बाग. हजर: शिंदेकाकू, साळवेभाऊ, मी. आणि बाकाच्या टोकाला, चष्मा कपाळावर ढकलून बसलेले आमचे इन्स्पेक्टर.

पोलिसातले नव्हेत. चाकणच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी क्वालिटीत काढली. समोर आलेला पार्ट ओके, दुरुस्तीला परत म्हणजे रीवर्क, की रिजेक्ट, एवढंच ठरवायचं. निवृत्त झाले, पण ते तीन शब्द काही तोंडातून गेले नाहीत. बागेबाहेरच्या चहाला रीवर्क, सुनेच्या पोळीला ओके, नव्या उड्डाणपुलाला थेट रिजेक्ट.

आम्हा चौघांना एकत्र आणलं ते पायांनी. तिघांना साखरेमुळे आणि साळवेभाऊंना कॅन्सरच्या औषधांनंतर नसांचं दुखणं जडलं होतं. तळपायाची आग, मुंग्या, रात्री चादर लागलेलीही सहन होत नाही. घरचे ऐकून ऐकून कंटाळतात, मग माणूस तेच दुखणारा दुसरा माणूस शोधतो. बागेत बाकांवर तावातावानं बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. राजकारण चाललं असेल, असं तुम्हाला वाटतं. बऱ्याचदा पायांचं चाललेलं असतं.

मी चिखलीच्या एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळते. त्यामुळे कोणी काय घेतलं आणि काय फरक पडला, हे लिहून ठेवायचं काम न मागता माझ्याकडे आलं. इन्स्पेक्टरांचा नियम एकच होता. "एका वेळी एकच बदल. तेलही बदललं आणि गोळीही बदलली, तर गुण कशाचा आला हे कळणार कसं, राव? आणि डॉक्टरची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही."

साळवेभाऊंना नवीन गोळी सुरू झाली. "आग कमी आहे," ते म्हणाले, "पण सकाळी डोकं गरगरतं. काल माझी बस समोरून गेली, मी नुसता बघत राहिलो."

"रीवर्क," इन्स्पेक्टर म्हणाले. "डॉक्टरांना हे असंच्या असं सांगा. डोस बघतील."

शिंदेकाकू जुन्या थेरगावच्या. त्यांना डॉक्टरांनी मिरचीचा अर्क असलेलं मलम दिलं होतं. काकूंनी ते लावलं आणि त्याच हातानं डोळा चोळला. "पायाची आग ऱ्हायली बाजूला," काकू सांगत होत्या, "रातभर डोळाच धुवत बसले."

इन्स्पेक्टरांनी गंभीर चेहऱ्यानं निकाल दिला, "मलम ओके. ऑपरेटर रिजेक्ट."

"व्हय का? तुमीच लावा मग उद्याला."

काशाच्या वाटीच्या मालिशला मात्र ते स्वतः जाऊन आले. मशीनवर तूप लावलेले पाय ठेवले की तळवे काळे होतात आणि दुकानदार सांगतो, अंगातलं विष बाहेर पडलं. इन्स्पेक्टरांनी तिथेच तूप मागून घेतलं, कोपराला चोपडलं आणि कोपर वाटीवर धरलं. तेही काळं झालं. "म्हटलं, बाबा, माझ्या कोपरात कुठलं विष?" ते आम्हाला सांगत होते. "पण खरं सांगू, बरं वाटलं. झोप लागली. विषाचं रिजेक्ट, मालिश ओके."

मग एका रविवारी ते खुशीत आले. आग थांबली होती. गोळी तीच, तेल तेच. बदल एकच, रोज संध्याकाळी गरम मीठपाण्यात पाय. आम्ही तिघांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं लोक लॉटरी लागलेल्या माणसाकडे पाहतात. काकूंनी पाणी किती गरम, मीठ खडे की बारीक, सगळं विचारून घेतलं. त्या दिवसापासूनच सुरू करणार होत्या.

"दावा की जरा बरा झालेला पाय," काकू म्हणाल्या.

इन्स्पेक्टरांनी अभिमानानं बूट काढला. आतून एक छोटा नट फरशीवर पडला आणि टणटण करत माझ्या चपलेपाशी आला. आदल्या दिवशी ते भाच्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आले होते. त्यांनी नट उचलला, सवयीनं दोन बोटांत फिरवला आणि माप सांगितलं, "एम सिक्स." मग त्यांचं लक्ष मोज्याकडे गेलं. मोजा अंगठ्याखाली लाल झाला होता. आदल्या दुपारपासून तो नट बुटात होता, सकाळी त्यावरच पाय देत ते बागेत आले होते आणि त्यांना कळलं नव्हतं.

साळवेभाऊंनी लगेच रिक्षा आणली. आग विझली नव्हती, पायाची जाणीवच गेली होती, हे त्याच दिवशी डॉक्टरांकडून समजलं. त्या गरम पाण्यानं तळवाही जागोजागी पोळला होता. जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. पूर्ण पाऊल वाचेल की नाही, हे कितीतरी आठवडे कोणी सांगू शकत नव्हतं.

मी भेटायला गेले, तेव्हा ते छताकडे बघत पडले होते. "मेलेल्या गेजनं माल पास करत होतो," ते म्हणाले. "सुई हलत नाही, म्हणजे पार्ट चांगला, असं समजून. काकूंना सांगा, ते पाणी करू नका."

काकूंनी घमेलं आधीच माळ्यावर टाकलं होतं.

पाऊल वाचलं. ते मऊ बूट घालून परत आले आणि आल्या आल्या नवा नियम केला: आधी तळवे, मग गप्पा. आपला तळवा आपल्याला नीट दिसत नाही, म्हणून जोड्या. काकूंचे पाय साळवेभाऊंनी बघायचे आणि साळवेभाऊंचे काकूंनी. माझे इन्स्पेक्टरांनी, त्यांचे मी.

वडिलांच्या वयाच्या माणसासमोर पाय करायचा, मला फार अवघड गेलं. पहिल्या दिवशी मी आधी वाकून नमस्कार केला. "पाया पडायचं राहू दे," ते म्हणाले, "पाय वर घ्या." चष्मा कपाळावरून नाकावर आला, मोबाईलची बॅटरी लागली. बोटांच्या बेचक्यांत बघून झालं. "डाव्या टाचेला भेग. रीवर्क. रात्री व्हॅसलीन." पुढच्या रविवारी तीच भेग त्यांनी न विसरता शोधली.

या हिवाळ्यात ते गेले. पायानं नाही, हृदयानं. दापोडीला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आदल्या रात्रीसुद्धा माझ्याकडून तळवे बघून घेतले त्यांनी. काही नव्हतं. स्वच्छ होते." हे सांगताना त्यांनी आपला तळहात हळूच उलटा केला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

आम्ही तिघं अजून जमतो. काकू आणि साळवेभाऊ एकमेकांचे पाय बघतात, मी घड्याळ बघत लिहून घेते. काकू दर वेळी हाक मारतात, "ये गं, तुजं बी बघते." मी म्हणते, पुढच्या वेळी बघू, आज उशीर झालाय. माझी जोडी लावायची राहिली आहे.