बातम्यांना सुट्टी देऊन जुन्नर-आंबेगावात

चार वाहिन्या, दोन वृत्तपत्रे आणि मोबाइलवरचे अकरा गट एवढ्या सामग्रीनिशी मी रोज सकाळी सहापासून जगाची काळजी वाहत असे. पौषातल्या एका सकाळी हिने चहाचा कप पुढे ठेवत विचारले, “समोरच्या बिऱ्हाडातली माणसे घर सोडून गेली, त्याला आठवडा झाला. ही बातमी पोहोचली का तुमच्यापर्यंत?”

पोहोचली नव्हती. मी त्याच दिवशी पिशवी भरली. तीन दिवस, दोन तालुके. रोज एक वृत्तपत्र, तेही एकदाच. मोबाइल केवळ बोलण्यापुरता. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधन केलेल्या माणसाने स्वतःला घातलेला नियम मोडायचा नसतो, असे मी हिला सांगितले. ती हसली.

शिवाजीनगरहून निघालेल्या एसटीने नारायणगावमार्गे अडीच-तीन तासांत जुन्नर गाठले. स्थानकावर वृत्तपत्र घेतले, पहिल्या पानावरच्या तीन चुका पेनाने दुरुस्त केल्या, ते पिशवीत ठेवले आणि रिक्षाने शिवनेरीच्या पायथ्याशी गेलो. एकाहत्तराव्या वर्षी सात दरवाजे ओलांडताना दम लागतो, हे कबूल करतो. परंतु माथ्यावरचा तो गार, कोरडा वारा अंगावर घेताना मी एकटाच मोठ्याने हसलो! खाली उतरून मासवडी आणि झणझणीत रस्सा खाल्ला. दीडशे रुपयांत पोट इतके भरले, की रात्रीच्या जेवणाची गरज उरली नाही. जाणाऱ्यांनी स्वेटर मात्र विसरू नये.

दुसऱ्या दिवशी जुन्नरहून घोडेगाव आणि तेथून डिंभे. घोडेगावच्या स्थानकावर मी डिंभ्याच्या गाडीची नेमकी वेळ तीनदा विचारली.

“पावणं, गाडी आली की टायम झाला,” शेजारचे आजोबा म्हणाले. “तवर शेंगा खावा.”

शेंगा संपल्या आणि गाडी आली. धरणाच्या कडेला एका कोळ्याच्या घरी माशाचे कालवण आणि तांदळाची भाकरी मिळाली. निळ्या पाण्यावर एकच होडी होती. तासभर मी त्या होडीखेरीज दुसरे काहीही पाहिले नाही. असा तास माझ्या आयुष्यात कित्येक वर्षांत आला नव्हता.

संध्याकाळी मंचरमार्गे निरगुडसरला पोहोचलो. छापखान्यातला माझा जुना सोबती शांताराम तेथे शेती करतो. खरे म्हणजे त्याची सून मंगल करते. उसाला लागून असलेले कोथिंबिरीचे बारा वाफे उपटणीला आले होते. “उद्या संध्याकाळच्या बाजाराला माल गेला पायजे,” मंगल म्हणाली. “न्हाई तर फुलावर येती. मग कोण घेतंय?”

सकाळी आठ वाजता टेम्पोतून उपटणीसाठी नऊ बायका उतरल्या. मी ओट्यावर बसलो होतो आणि, लपवत नाही, मोबाइल उघडला होता. केवळ एकदाच, असे मनाशी म्हणत. एका गटावर चित्रफीत आली होती: उसातून बिबट्या झेप घेतो, खाली मजकूर, ‘निरगुडसर शिवार, आज पहाटे.’ ज्या गावात मी बसलो होतो, त्याच गावाची बातमी! अंगावर रोमांच उभे राहिले. मी तो मजकूर खड्या, स्वच्छ आवाजात वाचला आणि चित्रफीत सर्वांना दाखवली.

“आगं बया!” मुकादम कमलबाई मागे सरकल्या. “ह्याच उसात व्हता का काय?”

“समद्यास्नी मोबाइलवर येतंय, कमलबाई,” मंगल म्हणाली.

“येतंय, पन आज गुरुजी सांगत्यात. आमची ल्येकरं घरी हायेत, बाई.”

मी शिक्षक नव्हतो, हे सांगायचेही सुचले नाही. बायका पुन्हा टेम्पोत चढल्या. टेम्पो वळला, गेला. मंगल कोथिंबिरीकडे पाहत उभी राहिली. माझ्यावर रागावली असती, तर बरे वाटले असते.

शांतारामने दुधाची किटली उचलली. “चला राव, डेअरीवर. फळा बघू.”

डेअरीच्या भिंतीवर काळा फळा होता. एका बाजूला दुधाचे दर, दुसऱ्या बाजूला गावची खबर. सकाळ-संध्याकाळ दूध घालायच्या वेळी तो लिहिला जातो; मध्ये कोणी हात लावत नाही. प्रत्येक ओळीपुढे पाहणाऱ्याचे नाव. त्या दिवशी लिहिले होते: ‘बिबट्या. काल दिवेलागणीला, पाझर तलाव. पाहिला: सोपान.’

मी चित्रफितीविषयी सांगताच सचिव बाळूभाऊंनी मान वर केली. “कुनी बघितला?”

“चित्रफीत आहे.”

“तिचं नाव लिहू का फळ्यावर?” रांगेतले लोक हसले. बाळूभाऊंनी मोबाइल हातात घेतला. “काका, हितं बघा. चिखल हाय, पाऊस पडतोय. आपल्याकडं पौषात पाऊस पडतोय व्हय?”

मी पाहिले. पाऊस पडत होता. ती अर्ध्या मिनिटाची चित्रफीत मी दोनदा पाहिली होती, आणि पाऊस मला दिसला नव्हता.

बाळूभाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसून मी बायकांच्या वस्तीवर गेलो. सर्वांसमोर म्हणालो, “मी नीट न पाहता वाचले. चूक माझी आहे. बिबट्या काल तलावापाशी दिसला, सोपानने पाहिला. आपल्या उसात कोणीही पाहिलेला नाही.”

“तळं लांब हाय,” कमलबाई म्हणाल्या. “ पन दिवेलागणीच्या आत आमी निघनार. आन् उसाच्या कडंला तुमी बसायचं, गुरुजी. कबूल?”

कबूल! साडेदहा वाजता कामाला सुरुवात झाली. मी उसाकडे तोंड करून बसलो आणि जुड्या बांधू लागलो. कोथिंबिरीचा तो ओला, तिखट वास हातांना लागला. बायका मुद्दाम मोठमोठ्याने बोलत होत्या, हसत होत्या.

“गुरुजी, जुडी बांधा,” कमलबाई ओरडल्या. “देवाचा हार न्हाई करायचा!”

पाच वाजता बायका ठरल्याप्रमाणे उठल्या. दहा वाफ्यांचा माल बाजाराला गेला. दोन वाफे उभेच राहिले. सकाळचे अडीच तास वाया गेले नसते, तर तेही गेले असते. हे सर्वांना ठाऊक होते. मंगलने मला गूळ घातलेला चहा दिला.

पुण्यात परतल्यावर मी नऊ गट सोडले. आता सकाळी एक वृत्तपत्र आणि संध्याकाळी सातच्या बातम्या; मधला वेळ माझा. समोरच्या बिऱ्हाडात नवी माणसे आली आहेत, हे हिच्याआधी मला कळले! तुम्ही जाणार असाल, तर पौष-माघातच जा, आणि डिंभ्याला होडी पाहायला हाताशी भरपूर वेळ ठेवा.

काल मंगलचा फोन आला. “काका, ते दोन वाफे फुलावर सोडलेत. धने झाले की काकूंसाठी पाठवीन.”

“खरंच फूल आले?” मी विचारले.

“वाफ्यातच हुबी हाय,” ती म्हणाली. “बघून सांगतीय.”