इनायत मिस्त्रीची पाण्याची गाडी

देहूरोडला लष्कराच्या मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव असला की ट्रकवाले टायर बडवून बघत, बॉनेटमध्ये डोकं खुपसत. इनायत मिस्त्री मात्र प्रत्येक लॉरीच्या हौद्यात चढून चक्क आडवा झाला आणि बरोबर आलेल्या ज्योतीराम ड्रायव्हरला म्हणाला, "हलव रे बाहेरून." लोक हसले. हसेनात का! लढाईच्या काळात खडकीच्या वर्कशॉपात असल्या गाड्या उघडून पुन्हा जोडण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. इंजिनाचं त्याला कुणी शिकवायला नको होतं. मागे झोपलेल्या बाईला धक्के किती बसतील, एवढंच त्याला बघायचं होतं.

ही बाई म्हणजे त्याची बायको कमरुन्निसा. तिला क्षय झाला होता. साल असेल चौपन्न-पंचावन्न. पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहत होता, क्षयावरची इंजेक्शनं मिळू लागली होती, पण तिचा आजार फार पुढे गेला होता. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, अंडी-दूध द्या आणि मोकळ्या, कोरड्या हवेत न्या. आता चिंचवडमधल्या एका खोलीत राहणाऱ्या मिस्त्रीनं मोकळी हवा आणायची कुठून? डॉक्टरांना सांगायला काय जातं!

शिवाय शेजाऱ्यांना आजाराची भीती बसली होती, त्या खोलीचाही आता भरवसा राहिला नव्हता. एके दिवशी नळ गेलेला म्हणून कमरुन्निसा शेजारणीकडे पाणी मागायला गेली. शेजारणीनं स्वतःच्या घागरीनं तिची कळशी भरून दिली आणि ती वळायच्या आत घागर राखेनं खसाखसा घासायला घेतली. इनायतनं ते दारातून पाहिलं. त्याच्या काळजाला घरं पडली. त्यानं मनाशी ठरवलं, हिला पुन्हा कुणाच्या दारात पाणी मागू द्यायचं नाही.

म्हणून लॉरीबरोबर त्याला पाण्याची टाकीही हवी होती, दोन चाकांची, मागे जोडून ओढायची.

"ती बंद अँब्युलन्स घे की," ज्योतीराम म्हणाला. "आयती खाट हाय आत."

"डबा आहे तो. हवा कुठून यायची?"

"मग ती मोठी घे. कशी धिप्पाड हाय बघ."

"माळावर रुतली तर बैल मागावे लागतील. मला कुणाकडे काही मागायचंच नाही. आणि ती लहान लॉरी भरली टाकी चढाला ओढायची नाही."

शेवटी त्यानं मधल्या आकाराची, चारी चाकांना जोर असलेली लॉरी घेतली. हौद्यावर लाकडी खोली चढवली, दोन्ही बाजूंना खिडक्या, खाटेखाली शिध्याचे डबे, कंदिलाला आकडा, स्टोव्हला कोनाडा. तिला उठून बसता यावं म्हणून उशाची फळी उचलती केली. नवऱ्यानं बायकोसाठी इतक्या मायेनं केलेलं काम मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. आणि त्या कामातच सगळा घोटाळा झाला.

दिवाळीनंतर त्यांनी चाकणच्या पुढे, खेडच्या वाटेवर एका माळावर मुक्काम टाकला. हवा अशी कोरडी की धुतलेलं लुगडं बघता बघता वाळावं. कमरुन्निसाचा ताप उतरला, दोन घास जास्त जाऊ लागले. इनायत हरखून गेला. औषधाला तो तिला चाकणच्या दवाखान्यात नेई, येताना नदीवर टाकी भरून आणी. कुणाचं देणं नाही, घेणं नाही, याचा त्याला कोण अभिमान! समोरच्या टेकाडाआड एक वस्ती होती. तिथल्या बायका सरपणाला जाताना लांबूनच वळसा घालून जात. "बघ, इथेही तेच," तो म्हणे आणि खिडकीचा पडदा ओढून घेई. ती तो परत बाजूला सारे.

एके दुपारी तो नदीवरून पोहून आला तर टाकीखाली चिखल झालेला, तोटी उघडी, टाकी ठणठणीत कोरडी.

"तोटी कुणी उघडली?"

"मी," खाटेवर बसलेली कमरुन्निसा म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"पाणी संपलं की मागायला जावं लागतं. मला त्या वस्तीत जायचंय. तुमच्याशिवाय माणसाचा आवाज ऐकला नाही हो मी इतके दिवस. दवाखान्यात तोंड उघड, बंद कर, एवढंच बोलतात."

"चिंचवडचं विसरलीस? तिनं घागर घासली होती!"

"घासली तर घासली. आधी दिलं होतं ना तिनं?"

इनायतनं चिडून गाडी काढली, नदीवरून टाकी भरून आणली आणि तोटीला कुलूप घातलं. यात प्रेमच होतं, दुसरं काही नव्हतं. पण कमरुन्निसानं त्यानंतर पडदा सारला नाही. जेवण पुन्हा तुटलं. होळीच्या सुमाराला रक्त पडू लागलं आणि एका पहाटे, तो कपाळावर ओला रुमाल ठेवत असताना, ती गेली.

इनायत लॉरीच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. उजाडलं तेव्हा टेकाडावरून एक म्हातारी येताना दिसली, डोक्यावर घागर. ती वस्तीतली गोजाबाई. मागे आणखी दोन बायका होत्या. गाडीपासून जरा लांब त्या थबकल्या.

"रडनं ऐकू आलं," गोजाबाई म्हणाली. "मालकीन गेली व्हय? आंघूळ घालाया पानी लागंल. आनलंय. पर... चालंल का आमचं?"

इनायतला कळेना. "म्हणजे?"

"आमी गावकुसाबाहेरची मानसं, दादा. तुमी पानीसुदिक संगं घिऊन आला. आमी म्हनलं, ह्यास्नी आमची जात कळली जनू, आमच्या हातचं नगं असंल. बाई खिडकीतनं बगायची. लई वाटायचं, जावं, दोन शब्द बोलावं. पर उगं कशाला कुनाला बाटवा? म्हून लांबनंच जायाचो."

इनायत उठला. तिला क्षय होता, कुणाला लागू नये म्हणून लांब आलो होतो, असलं काहीबाही त्याच्या ओठांवर आलं, पण ते आता सांगून काय उपयोग! त्यानं पुढे होऊन गोजाबाईच्या डोक्यावरची घागर स्वतःच्या हातांनी उतरवून घेतली. मग ती तिच्याच हातात परत देऊन तो खाली बसला आणि तोंडापुढे ओंजळ धरली.

"आधी मला प्यायला घाला, मावशी," तो म्हणाला.

गोजाबाई पाणी ओतत राहिली. तो रडत होता आणि पीत होता.